'आय विल ऑलवेज लव्ह यू' कुणाचं? त्या फॉरवर्डला उत्तर

एक पोस्ट गेले काही दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतेय. तिचं म्हणणं असं की 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे व्हिटनी ह्यूस्टनचं गाणं डॉली पार्टन या अमेरिकन गायिकेने म्हणे नवऱ्याला सोडताना लिहिलं, तिची रेकॉर्ड कुणी ऐकलीसुद्धा नाही, एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं पण हिने घमेंडीत त्याला गाऊच दिलं नाही, मग व्हिटनीने ते उचललं आणि डॉलीच्या हाती काही लागलं नाही. मला हे गाणं फार जवळचं आहे आणि यातला जवळपास प्रत्येक दावा चुकीचा आहे, त्यामुळे एकेक घेते.

नवऱ्याचं आधी, कारण ते सगळ्यात पटकन संपतं. डॉलीचं लग्न १९६६ मध्ये कार्ल डीनशी झालं आणि मार्च २०२५ मध्ये तो गेला तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५९ वर्षं, ते टिकलं. सोडलं कधी?

सोडलं ते पोर्टर वॅगनरला, आणि तो नवरा नव्हता, बॉयफ्रेंडही नव्हता, बॉस होता. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातला, कंट्री म्हणजे तिकडच्या गावाकडच्या वळणाच्या संगीताचा मोठा गायक, चमचमते सूट घालणारा, स्वतःचा टीव्ही शो असलेला. १९६७ मध्ये त्याने आधीची गायिका नॉर्मा जीन हिच्या जागी २१ वर्षांच्या डॉलीला शोमध्ये घेतलं आणि सुरुवातीला लोक तिच्या तोंडावर नॉर्मा जीनच्या नावाने ओरडायचे, म्हणजे जागा काही आयती मिळाली नव्हती. मग दोघांचे डुएट गाजले, डॉली घराघरात पोचली, आणि तिला आता स्वतःचं काम करायचं होतं. पाच वर्षं राहीन असं ती आधीच बोलली होती, पण पोर्टर सोडायला तयार नाही, रोज वाद, आणि बोलून काही उपयोग होईना तेव्हा ती घरी गेली आणि हे गाणं लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला म्हणून दाखवलं. ती सांगते की पोर्टर रडला आणि म्हणाला, तू लिहिलेलं हे सगळ्यात सुंदर गाणं आहे, जा तू, पण तुझ्या आवाजातली याची रेकॉर्ड मला बनवू दे. तुझे उपकार विसरणार नाही पण आता मी थांबले तर तुझ्याच आड येईन, असं वरिष्ठ माणसाला भांडण न करता सांगणं किती अवघड असतं हे नोकरी सोडलेल्या कुणालाही विचारा. हे माहीत असताना गाणं परत ऐकून बघा, ओळीओळीचा अर्थ बदलतो. आणि त्यानंतर सगळं गोडीगुलाबीत झालं असंही नाही, १९७९ मध्ये पोर्टरने तिच्यावर तीस लाख डॉलरचा दावा ठोकला, तो कोर्टाबाहेर मिटला, पुढे दोघांचं जमलंही, आणि २००७ मध्ये तो गेला तेव्हा शेवटच्या दिवसांत डॉली त्याला भेटायला गेली होती.

आता 'कुणी ऐकलंसुद्धा नाही'. जून १९७३ मध्ये नॅशव्हिलला रेकॉर्ड झालं, १९७४ मध्ये 'जोलीन' अल्बममधून सिंगल, म्हणजे सुटं गाणं म्हणून आलं आणि बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री चार्टवर, म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिल्या नंबरवर गेलं. १९८२ मध्ये तिने ते एका सिनेमासाठी पुन्हा गायलं आणि तेही कंट्रीत पहिलं आलं. एकाच गायिकेचं एकच गाणं दोन वेगळ्या रेकॉर्डिंगने कंट्रीत दोनदा पहिलं, असं आधी कुणाचं झालं नव्हतं. हो, पॉपच्या मुख्य चार्टवर मात्र १९८२ चं व्हर्जन ५३ च्या पुढे सरकलं नाही, आणि बहुतेक याच गोष्टीमुळे अफवा पसरली असावी, की पॉपवाल्यांनी ऐकलं नाही म्हणजे कुणीच ऐकलं नाही. कंट्रीचा श्रोता हा श्रोताच नाही का?

एल्विसचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. त्याला गाणं आवडलं होतं, रेकॉर्डिंगही ठरलं होतं, डॉली हरखून गेली होती, लोकांना सांगत सुटली होती. आदल्या दिवशी त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्करचा फोन आला की एल्विस जे गाणं गातो त्याच्या पब्लिशिंगचा अर्धा हिस्सा आम्हाला लागतो. पब्लिशिंग म्हणजे गाण्याची मालकी समजा, पुढे कुणीही गायलं, कुठेही वाजलं तरी त्यातून येणाऱ्या पैशावरचा हक्क. गाणं आधीच नंबर एक झालेलं, मालकी तिच्याकडे, आणि तिला ती घरच्यांसाठी ठेवायची होती. तिने नाही सांगितलं आणि रात्रभर रडली, हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय. यात घमेंड कुठे दिसते?

आणि 'गाऊ दिलं नाही' हे तर शक्यच नव्हतं. अमेरिकेत गाण्याची रेकॉर्ड एकदा बाजारात आली की ठरलेला दर भरून कुणीही त्याचं कव्हर, म्हणजे स्वतःच्या आवाजातली रेकॉर्ड, करू शकतो, लिहिणाऱ्याची परवानगी लागत नाही. म्हणजे एल्विसची माणसं तो दर भरून सरळ रेकॉर्ड करू शकली असती, केलं नाही, कारण त्यांना नुसतं गाणं नको होतं, अर्धी मालकी हवी होती. निर्णय त्यांचा होता आणि पन्नास वर्षं बोल लागतोय डॉलीला.

त्याच पोस्टखाली कुणीतरी जोडतं की एल्विसने घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बायको प्रिसिलाला हे गाणं म्हणून दाखवलं. हे प्रिसिलाने आपल्याला सांगितलं असं डॉली स्वतः सांगते, पण तो घटस्फोट ऑक्टोबर १९७३ चा आणि गाणं बाजारात आलं १९७४ मध्ये. तारखा जुळत नाहीत, मी तरी हे पुढे पाठवणार नाही.

आता व्हिटनी. डॉलीचे फॅन 'ढापलं' म्हणतात तेही मला मान्य नाही. 'द बॉडीगार्ड' या व्हिटनीच्या सिनेमासाठी आधी दुसरंच जुनं गाणं ठरलं होतं, ते दुसऱ्या एका सिनेमात वापरलं गेलं, मग सिनेमाचा हिरो केव्हिन कॉस्टनरने हे सुचवलं, आणि गाण्याचा निर्माता डेव्हिड फॉस्टरसमोर जे होतं ते गायिका लिंडा रॉनस्टॅटचं १९७५ चं कव्हर, ज्यात शेवटचं कडवं नाहीच. डॉलीशी फोनवर बोलणं झालं तेव्हा तिने सांगितलं की तिसरं कडवं आहे, ते घ्या. ते कडवं म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं अशी इच्छा, तिने मूळ रेकॉर्डमध्ये ते गायलेलं नाही, बोललंय, जुन्या कंट्री गाण्यांत असायचं तसं. व्हिटनीने तेच कडवं पूर्ण आवाजात गायलं. सुरुवात वाद्यांशिवाय ठेवायची हा कॉस्टनरचा हट्ट, रेडिओवर असं चालणार नाही म्हणून बाकीच्यांचा विरोध, आणि मग तो एक ड्रमचा ठोका आणि वर चढलेला सूर... त्या जागेला आजही काटा येतो. डॉलीचं तीन मिनिटांच्या आत संपतं, समोर बसलेल्या एका माणसाला सांगितल्यासारखं. व्हिटनीचं साडेचार मिनिटं आणि स्टेडियमएवढं. एकाला मोठं करायला दुसरं लहान कशाला करायचं? ते १४ आठवडे अमेरिकेत नंबर एकवर होतं, तेव्हाचा विक्रम, आणि डॉलीने ते पहिल्यांदा गाडीत रेडिओवर ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घ्यावी लागली असं ती सांगते. २०१२ मध्ये व्हिटनीची शवपेटी चर्चमधून बाहेर नेताना तिचंच हे रेकॉर्डिंग लावलं होतं.

राहिला पैसा. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला मिळतात, गाणाऱ्याला त्या वाजण्याचे मिळत नाहीत. म्हणजे व्हिटनीचा आवाज तिकडे रेडिओवर जितक्या वेळा लागला तितक्या वेळा पैसे डॉलीकडे गेले, आणि पार्करला हो म्हटलं असतं तर पब्लिशिंगचा अर्धा वाटा दुसऱ्याच्या खिशात गेला असता. (आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का व्हायला २०१२ उजाडलं, त्यामुळे तिने १९७४ मध्ये एकटीने काय राखलं याचं मोल आपल्याला कळायला हवं.) २०२१ मध्ये तिने एका मुलाखतीत सांगितलं की त्या पैशातून तिने नॅशव्हिलच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत दुकानांचा मोठा गाळा-परिसर घेतला, व्हिटनीचा विचार करून, आणि 'व्हिटनीने बांधलेलं घर' म्हणून ती त्याच्याकडे बघते.

काही जण शेवटी अशीही ओळ घालतात की व्हिटनीनंतर डॉलीने हे गाणं सोडून दिलं. १९९५ मध्ये तिने कंट्री गायक व्हिन्स गिलबरोबर ते परत रेकॉर्ड केलं, कंट्री चार्टवर १५ व्या नंबरपर्यंत गेलं, आणि त्यानंतरही ती ते स्टेजवर गात राहिली.