जिजीनं म्हणे कधी काही मागितलं नाही

आज जिजीचा, म्हणजे माझ्या आजीचा, दहावा झाला. घाटावरून आल्यापासून डोकं भणभणतंय म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून पुढं जावं, राग नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात दहाव्याला प्रवचन असतं आणि त्यानंतर पुढाऱ्यांची भाषणं. आज एक पुढारी उशिरा आले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "या माऊलीनं आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाकडं काही मागितलं नाही. त्यागाची मूर्ती!" लगेच गाडीत बसून पुढच्या गावच्या दहाव्याला गेलेसुद्धा. तिथंही हेच बोलले असणार, फक्त नाव बदलून. माझी आई शेजारीच होती. तोंडाला पदर लावून हळूच म्हणाली, "आवाज चढवला नाही? मग मी एवढी वर्षं नांदले कुणाच्या घरात?"

आता हसू येतंय, पण तिथं मला संताप आला होता. कारण सगळं गाव माना डोलवत होतं. ज्या गावाला सुतळीची गोष्ट तोंडपाठ आहे, ते गाव!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 1972 चा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, बैल मातीमोल भावानं विकलेले, खायला परदेशातून आलेला लाल मिलो, ज्याची भाकरी जिजीच्या हातूनसुद्धा थापताना फुटायची. आजोबा आणि जिजी दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. धाकटी आत्या बाभळीला बांधलेल्या झोळीत. पैसे मापावर मिळायचे, म्हणजे खडीचा ढीग मुकादम काठीनं मोजणार, तेवढीच मजुरी. रोज तितकीच घमेली पडतात आणि माप मात्र कमी भरतं, हे जिजीनं हेरलं. तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. बाजारच्या दिवशी तिनं शिंप्याच्या टेपवरून सुतळी मापून घेतली, फुटाफुटाला गाठ मारली आणि ओच्यात खोचून ठेवली. कामावरचा साहेब, म्हणजे ओव्हरशीर, आला त्या दिवशी सगळ्यांसमोर ती सुतळी मुकादमाच्या काठीला लावली. काठी चार बोटं जास्त!

मुकादम म्हणाला, बाई, गप बस, उद्यापासून येऊ नकोस. तर बाकीच्या बायांनी हातोडे खाली टाकले. ढीग पुन्हा मोजावे लागले. (म्हातारपणी सांगताना त्या चार बोटांची वीत झाली होती, तो भाग वेगळा. आम्हीही कधी टोकलं नाही.)

अशा बाईला 'कधी काही मागितलं नाही' म्हणता?

ती कायम मागायची. विहिरीवर आपली पाळी मागायची. आजोबांकडं दुधाच्या पैशाचा हिशेब मागायची. साठीकडं झुकलेली असताना गावात साक्षरतेचे वर्ग आले, तर नातवंडांच्या पाट्या घेऊन तिथं जाऊन बसली आणि सही शिकली. म्हणायची, अंगठेबहाद्दर माणसाला कुणीपण गुंडाळतं. पुढं सोसायटीत, बँकेत, पोस्टात कुठंही शाईचा डबा पुढं केला की तिला अपमान वाटायचा. पेन मागायची. सही करायला वेळ लागायचा, मागं रांग तटायची, ही आपली एकेक अक्षर कोरत उभी.

सुनांना तिनं छळलंच. आईला वर्षानुवर्षं चहात साखर किती टाकायची हेसुद्धा विचारावं लागायचं. मान्य. म्हणून तर म्हणतेय, देव्हाऱ्यात बसवू नका तिला. चांगली खमकी, हट्टी, प्रेमळ, कजाग बाई होती. नव्वदी ओलांडून गेली, शेवटच्या आठवड्यापर्यंत मिसरी लावत होती आणि मला व्हिडिओ कॉलवर "वाळलीस किती" म्हणून झापत होती. त्या झापण्याची सवय झाली होती हो. आज दुपारपासून चार वेळा फोन हातात घेऊन ठेवून दिला.

असो. रडायला बसले तर मुद्दा राहील.

मुद्दा असा की तिनं पोटच्या पोरांकडं एक गोष्ट मागितली होती आणि ती कुणीच दिली नाही. आजोबा गेले तेव्हा तिन्ही आत्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. बापाच्या हिश्शात मुलीला वाटा 1956 पासून आहे, 2005 पासून वडिलोपार्जितातही बरोबरीचा आहे. पण आमच्याकडं कायदा टीव्हीवर असतो आणि माहेर तुटायची भीती घरात. जिजी तेव्हा खूप भांडली. आत्यांनी रडत रडत सह्या केल्या. जिजीनं मात्र स्वतःचं नाव सातबाऱ्यावरून काढू दिलं नाही. सही करता येत होती, म्हणूनच केली नाही. "माझ्यातलं माझ्या पोरींना जाऊ दे," हे तिचं वाक्य घरातल्या प्रत्येकानं ऐकलंय. मुकादमाच्या काठीला सुतळी लावणारी बाई स्वतःच्या ओसरीवर मात्र एकटी पडली. तिथं हातोडे टाकणारं कुणी नव्हतं.

आज पिंडाला कावळा शिवेना. मी या गोष्टी मानत नाही, पण तो तासभर मी जन्मभर विसरणार नाही. जिजीचे चिरंजीव, आमचे अण्णा, हात जोडून एकेक कबूल करत होते. धाकट्याचं लग्न करू, देवळाला फरशी बसवू, दरवर्षी वारीला कुणीतरी पाठवू. कावळे समोरच्या झाडावर निवांत. मधल्या आत्यानं खाली बघत इतकंच म्हटलं, "तिचं काय राहिलंय ते समद्यांना ठावं हाय." कुणी ऐकलं नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी अंघोळीला गेली.

दहाव्याच्या दिवशी घरच्या भानगडी फेसबुकवर कशाला, असं म्हणणार आहात. बरोबर आहे, शोभत नाही. पण घाटावरून परत येताना गाडीत कानावर आलंय की तेराव्याला आत्या सगळ्या घरी असतातच, तेव्हाच कागद उरकून घेऊ. हे शोभतं का?

तर आत्यांनो, तेराव्याला कुणी पेन पुढं केलं तर सही करायची नाही. "आधी वाचून दाखवा" म्हणायचं. वारसनोंदीच्या अर्जात तिघींची नावं आहेत का, ते आधी बघायचं. मी आणि आई तुमच्या शेजारी बसणार आहोत, आई स्वतःहून तयार झालीये.

आणि अण्णा, तुम्ही हे वाचताय मला माहितीये. कमेंटमध्ये लिहू नका, फोन करा. मी जागी आहे.