प्रामाणिक गुंड पाहिजे

स्वसंरक्षणाच्या वर्गात दोन प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना स्वतःला वाचवायचं असतं. आणि दुसरा मी. म्हणजे गुंड. "चल, तू हल्ला कर" असं ज्याला सांगितलं जातं, तो. या पदासाठी अर्ज करावा लागत नाही. अंगाने जरा आडवा आणि स्वभावाने जरा गरीब असा माणूस दिसला की प्रशिक्षकांचं बोट आपोआप त्याच्याकडे वळतं आणि नेमणूक कायम होते.

कामाचं स्वरूप सोपं आहे. उजवा पाय पुढे टाकायचा, मूठ समोरच्याच्या छातीच्या दिशेने सोडायची आणि (इथे खरी कला आहे) तिथेच थांबायचं. हात परत घ्यायचा नाही. मग समोरचा माझं मनगट धरणार, कोपरावर फटका देणार, फासळीत दोन ठोसे घालणार, मागे येऊन मान आवळल्यासारखं करणार आणि शेवटी मला अलगद जमिनीवर ठेवणार. एवढा सगळा वेळ माझा हात दांडीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा हवेत. मला दुसराही हात आहे, पण तो तेवढ्यापुरता रजेवर असतो. मराठीत 'तालीम' हा शब्द नाटकालाही चालतो आणि आखाड्यालाही. आमच्यासारख्या वर्गांत नेमकी कुठली चालू आहे ते बाहेरून ओळखता येत नाही.

आता, हा पुतळ्यावरचा सराव अगदी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. पाय कुठे टाकायचा, कंबर कशी वळवायची, हे शिकताना समोरचा हलत असेल तर काहीच शिकून होत नाही. पहिले पाच-दहा वेळा पुतळा हवाच. गोंधळ पुढे होतो. बाराखडी गिरवून झाली तरी पाटी कोणी खाली ठेवत नाही. तीन-तीन वर्षं तोच पुतळा, तोच हात, आणि कमरेचा पट्टा मात्र गडद होत जातो. म्हणून सराव वास्तवाच्या जवळ न्यायचा असेल तर बचाव करणाऱ्याला नवे डाव शिकवण्याआधी गुंड सुधारा. गुंड खोटा असेल तर त्याच्यावर चाललेला डाव खरा की खोटा, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की पूर्ण ताकदीने सराव करताच येत नाही." हे ऐकून पूर्वी मला भीती वाटायची, आता शंका येते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा नेमकी उलटी युक्ती केली. ठोसे, लाथा असले धोक्याचे प्रकार मुक्त सरावाबाहेर, कातांपुरते, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या क्रमांपुरते ठेवले. उरलेल्या फेकी आणि पकडी मग रोज, पूर्ण जोराने, पूर्ण विरोध करणाऱ्या माणसावर वापरता आल्या. डोळ्यांत बोटं घालण्याचा डाव ज्याने आयुष्यात एकदाही जिवंत माणसावर वापरलेला नाही, त्याच्यापेक्षा रोज पन्नास वेळा धडपडणाऱ्याला उचलून टाकणारा माणूस मला जास्त धोकादायक वाटतो. पाठदुखीच्या आधारे सांगतोय.

तर गुंडाची सुधारणा. पहिला धडा अंतराचा. नवखा गुंड सभ्य असतो, त्याची मूठ वीतभर अलीकडेच थांबते. समोरचा मोठ्या ऐटीत ब्लॉक करतो, पण तो ब्लॉक केला नसता तरी काही बिघडलं नसतं. तपासायची रीत सोपी: बचाव करणाऱ्याने एकदा नुसतं उभं राहायचं, हात खाली. मूठ हळूच पण नक्की छातीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर गुंडाने अर्धं पाऊल पुढे सरकायचं. हे अर्धं पाऊल सरकलं की वर्गातले निम्मे सुंदर ब्लॉक बंद पडतात, कारण ते त्या वीतभर मोकळ्या हवेतच होत असतात.

दुसरा धडा: हात परत घ्या. मूठ जितक्या वेगाने गेली तितक्याच वेगाने माघारी आली पाहिजे, आणि पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. मनगट पकडण्याचंही तसंच. मनगट धरून ऐतिहासिक छायाचित्राला उभं राहिल्यासारखा थांबणारा गुंड फक्त वर्गात सापडतो. बाहेरचा माणूस मनगट धरतो ते खेचायला, किंवा दुसऱ्या हाताने मारायला. तेव्हा गुंडाने धरल्याबरोबर जोरात ओढायचं आणि मोकळ्या हाताने खांद्यावर चापट्या मारत राहायचं. अंगठ्याच्या फटीतून हात सोडवण्याची युक्ती तेव्हाही चालते, पण ओढ आली त्याच दिशेला एक पाऊल टाकून, सगळं अंग वळवून. नुसत्या मनगटाच्या झटक्याने नाही.

तिसरा धडा मला सर्वांत जड गेला: गुंडाने बोललं पाहिजे. वर्गात आम्ही "ओस" (कराटेतला जपानी नमस्कार) म्हणून वाकतो आणि मग हल्ला करतो. इतका शिष्टाचार बाहेर मिळत नाही. तिथे आधी "किती वाजले?" होतं, "काय बघतोस?" होतं, बोलता बोलता एकेक पाऊल जवळ येणं होतं आणि हात कधी उठला ते कळत नाही. म्हणून हल्ल्याआधी दहा-पंधरा सेकंदांचा संवाद ठेवा. बचाव करणाऱ्याने त्या वेळात तीन गोष्टी सांभाळायच्या: दोन हातांचं अंतर, छातीच्या उंचीवर उघडे तळवे (दिसायला समजुतीचे, पण मधली वाट अडवणारे), आणि तोंड चालू. पहिल्यांदा हे करायला लावलं की काळे पट्टेवाले लाजतात. सोळा काता पाठ असलेल्या माणसाला "मागे हो" हे दोन शब्द मोठ्याने म्हणता येत नाहीत, गळ्यातून "जरा मागे होता का?" असं काहीतरी निघतं. आवाजाचेही सेट मारावे लागतात.

अंतराचा एवढा आग्रह का? डोळ्यांना काही दिसलं आणि एक ठरलेली हालचाल करायची, एवढ्यालाच साधारण पाव सेकंद लागतो. पर्याय वाढले की वेळही वाढतो. हिक आणि हायमन या मानसशास्त्रज्ञांनी अनुक्रमे १९५२ आणि १९५३ मध्ये ते मोजून दाखवलं. हातभर अंतरावरून सुटलेला ठोसा पाव सेकंद तुमची वाट पाहत नाही. त्यामुळे एका ठोशाला बारा उत्तरं शिकवणारा अभ्यासक्रम कागदावर भरगच्च दिसतो आणि ऐनवेळी माणूस अकरा उत्तरं नाकारण्यात नाक फोडून घेतो. दोन उत्तरं पुरेत: डोकं झाकून आत घुसणं आणि ढकलून बाहेर पडणं.

जोर किती लावायचा, यावर वर्गात कायम भांडण. एक गुंड हात लावला की पडतो. दुसऱ्याला डाव आधीच ठाऊक असतो, म्हणून तो कोपर अंगाला चिकटवून, दात आवळून उभा राहतो आणि वर "कर ना, कर ना" म्हणतो. दोघेही निरुपयोगी. पहिल्याकडून खोटा आत्मविश्वास मिळतो, दुसऱ्याकडून खोटी निराशा. गुंडाचं काम डाव हाणून पाडणं हे नव्हे, स्वतःचं काम साधणं हे आहे. त्याला पिशवी पळवायची असेल तर त्याने पिशवीच ओढावी. प्रमाण असं ठेवा: दहापैकी दहा वेळा डाव साधतोय तर जोर वाढवा, दहापैकी पाचदाही साधत नसेल तर कमी करा. सात वेळा साधणं आणि तीन वेळा आपटणं, ही शिकण्याची जागा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: वेग, किंवा जोर, किंवा सुरुवातीची जागा. तिन्ही एकदम बदलल्या तर नुसती झोंबाझोंबी होते आणि काय चुकलं ते कोणालाच कळत नाही.

चाकूचा सराव हा माझा लाडका विषय, कारण त्यात मी जिंकतो. बहुतेक वर्गांत चाकूवाला वरून एक मोठा वार करतो, जणू नारदाने आधी वर्दी दिली आहे. त्याऐवजी असं करा. रबरी चाकूच्या धारेला लिपस्टिक फासा. बचाव करणाऱ्याला जुना पांढरा टी-शर्ट घाला. दोघांच्या डोळ्यांना चष्मे. गुंडाने मोकळ्या हाताने समोरच्याची कॉलर धरायची आणि चाकूच्या हाताने शिवणयंत्रासारखे आखूड, भराभर वार करायचे. दहा सेकंद. मग दिव्याखाली उभं राहून रेघा मोजायच्या. "मी दोनच खाल्ले" म्हणणाऱ्याच्या अंगावर अकरा निघतात. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहून ठेवलंय की चाकूवाला २१ फूट, म्हणजे सव्वासहा मीटरहून थोडं जास्त अंतर, साधारण दीड सेकंदात तोडतो. हे वाचल्यावर आणि रेघा मोजल्यावर विद्यार्थी मनगट मुरगाळण्याबद्दल विचारायचं सोडतात आणि टेबलाच्या पलीकडे कसं जायचं ते विचारू लागतात. तो खरा प्रश्न.

जागेचंही बघा. मऊ मॅट, झळझळीत उजेड, सैल पायजमा, अनवाणी पाय: असा मुहूर्त साधून हल्ला होत नाही. महिन्यातून एक दिवस रोजच्या कपड्यांत या. घट्ट जीन्समध्ये डोक्याच्या उंचीवरची लाथ गुडघ्यापाशीच थांबते आणि शिवण मात्र पुढे जाते. खांद्याला पिशवी, एका हातात फोन, पाठीमागे भिंत, बाजूला दोन खुर्च्या. सुरुवात डोळे मिटून करा. गुंडाने खांद्याला हात लावला की डोळे उघडायचे आणि जे असेल त्याला तोंड द्यायचं. त्याआधी वीस बर्पी (खाली बसून, आडवं होऊन, पुन्हा उठून उडी मारण्याचा व्यायाम) मारा म्हणजे धाप लागलेली असेल. भीतीने होणारा हाताचा कंप बर्पींनी पुरता येत नाही, पण बोटांची नाजूक कामं धाप लागल्यावर जमत नाहीत, एवढं तरी कळतं. फेकाफेक मात्र मॅटवरच. वास्तवाच्या नावाखाली जोडीदाराला फरशीवर आपटलं तर पुढच्या आठवड्यात गुंड दुसरा शोधावा लागेल.

आणि दार. प्रत्येक फेरीत एक दार ठरवा. तिथे पोचलं की फेरी संपली. दार नसेल तर विद्यार्थी मला पाडतात आणि मग शेजारी उभे राहून कलाकृती न्याहाळतात. तेवढ्यात माझा मित्र मागून येतो. शिवाय दहापैकी तीन फेऱ्यांत गुंडाने खरोखरच फक्त पत्ता विचारायचा आणि आभार मानून निघून जायचं. पहिल्याच दिवशी मी अशा फेऱ्यांत सर्वाधिक मार खातो. कधी मारायचं नाही, याचाही सराव लागतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या जणींना तीन-तीन तासांची चार सत्रं दिली होती: ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणं, तो स्वतःशी मान्य करणं, आणि तोंडाने व हातापायांनी प्रतिकार करणं. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात ५.२ टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के. एकूण बारा तास, आणि त्यातले बरेचसे लाथाबुक्क्यांचे नव्हेतच. आमच्याकडे बारा तासांत वाकून नमस्कार करणंसुद्धा पुरतं होत नाही.

आता गुंडाचे हक्क. माउथगार्ड, लंगोटगार्ड आणि १६ औंसांचे ग्लोव्ह्ज हे किमान. शिरस्त्राणावर फार विसंबू नका. त्याने भुवई फाटणं टळतं, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. हौशी मुष्टियुद्धात वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांतून २०१३ पासून ते काढूनही टाकलं गेलं. डोक्याला जोराचा मार लागला, गरगरलं, मळमळलं की त्या दिवसाचा सराव संपला आणि डॉक्टरची भेट ठरली; "काही नाही, बरंय" हे वाक्य त्या वेळी ग्राह्य धरू नये. गळा आवळल्यावर जोडीदाराने थाप दिली की त्याच क्षणी सोडायचं, कारण मानेच्या दोन्ही बाजूंचा रक्तप्रवाह नीट दाबला गेला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. आणि ग्लोव्ह्ज काढल्यावर डोक्यावर मूठ मारू नका. कवटी जिंकते, करंगळीमागचं हाड हरतं. तळहाताचा खालचा भाग वापरा.

थांबण्याचा शब्द आधी ठरवा. "थांब", "सोड", "नको" हे शब्द चालत नाहीत, कारण बचाव करणारा तेच तर ओरडत असतो आणि गुंडाने ते मनावर घ्यायचे नसतात. ज्याचा मारामारीशी सुतराम संबंध नाही असा शब्द हवा. 'टेबलफॅन' उत्तम. कोणीही "टेबलफॅन" ओरडलं, मग तो कोपऱ्यात उभा राहून बघणारा तिसरा माणूस का असेना, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं.

एवढं करूनही प्रत्येक सरावात काहीतरी खोटं राहतंच: ग्लोव्ह्ज खोटे, चाकू रबरी, गुंड मनातून चांगला. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण उद्याही वर्ग भरायचा असतो. फक्त या फेरीत नेमकं काय खोटं आहे, ते सुरू करण्याआधी मोठ्याने सांगावं. आणि तीन फेऱ्यांनंतर गुंड बदलावा. दमलेल्या गुंडाचा हात पुन्हा हवेत वाळत पडू लागतो.

राहता राहिला तो टी-शर्ट. लिपस्टिक तेलकट असते, नुसत्या पाण्याने जात नाही. आधी भांडी घासायचा द्रवसाबण चोळून पंधरा मिनिटं ठेवावा, मग धुवावा. तरी कॉलरवर थोडा गुलाबी डाग उरतोच. वर्गाहून उशिरा घरी पोचल्यावर दारात उभं राहून त्या डागाचा खुलासा कसा करायचा, याचा सराव मात्र अजून कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, आणि तिथे "टेबलफॅन" म्हणून उपयोग होत नाही.