"व्हाइटच लिहिलंय ना साहेब!"

घरात ट्यूबलाइटच्या उजेडावर कोथिंबीर वाढवतो, त्यासाठी ट्यूब हवी होती. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानात काल स्पष्ट सांगितलं होतं: चार फुटी टी-५ (ती बारीक ट्यूब), २८ वॅट, रंगाचा नंबर ८६५. हातात काय टेकवलं? ८३०! नंबर दाखवला तर खोक्यावर बोट ठेवून म्हणे, "व्हाइटच लिहिलंय ना साहेब." अहो, लिहिलंय वॉर्म व्हाइट! ३००० केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचं माप), पिवळीधमक. फुलझाडांना एक पिवळी, एक पांढरी लावतात, कबूल. पण पालक-कोथिंबिरीवर सगळ्याच पिवळ्या लावल्या की नुसत्या लांबुळक्या दांड्या. असल्या रोपांना ६५०० लागतो, नंबरातले शेवटचे दोन आकडे वाचा की जरा! ६५ म्हणजे ६५००, ३० म्हणजे ३०००.

बरं, ट्यूब बदलून दिली. चोक, म्हणजे ट्यूबला बेताचा करंट देणारा डबा? तो निघाला ५४ वॅटचा. "जास्तीचा दिलाय, चालेल." जास्तीचा! भेळेत शेव आहे का ती? २८ वॅटच्या ट्यूबला १७० मिलिअ‍ॅम्पिअर लागतात, हा ४६० ढकलणार. लांबी तीच, पिना त्याच, त्यामुळे बसते झक्क, पेटते झक्क, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही टोकं काळी. मग हाच माणूस सांगणार, "ट्यूबच डुप्लिकेट येतात हल्ली." चोकवर छापलेलं वाचायला चष्मा लागत असेल तर लावा, पण "चालेल" म्हणू नका. "चालेल" या शब्दावर ठाण्यात बंदी आणायला हवी.

तसेच ते रोपांवर जांभळे एलईडी लावणारे. घराचा डान्सबार होतो आणि पानं पिवळी पडली तरी त्या उजेडात दिसत नाहीत. आणि ट्यूब छताला लावून "आमची रोपं पडतात" म्हणणारे! शेंड्यापासून चार ते सहा इंच, साखळीने टांगा, रोप वाढेल तशी वर घ्या. मागे चुरगळलेली फॉइल नको, पांढरा ऑइलपेंट मारा. आणि ट्यूब जुनी झाली की बदला. डोळ्याला उजेड तेवढाच वाटतो, रोपाला नाही.

एवढा थयथयाट कशासाठी, तर चार बाय दीड फुटाच्या फळीवरच्या कोथिंबिरीसाठी. जी खाली भाजीवाला मिरच्यांबरोबर फुकट टाकतो. दोन ट्यूब, रोज चौदा तास, महिन्याला पंचवीसेक युनिट. घरच्यांनी हा हिशोब अजून केलेला नाही, तो इथेच राहू द्या.

पण ट्यूब ठरल्या वेळी चालू-बंद करणारा तो चकतीवाला टायमर! लाइट गेली की तोही थांबतो. तीन तास लाइट गेली की वेळापत्रक तीन तास पुढे, मग मध्यरात्री ड्राय बाल्कनीत लखलखाट आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. बॅटरीचा डिजिटल मागितला तर तोच दुकानदार, "हाच चालेल."

चोक परत करायला आत्ताच निघणार होतो. घड्याळात दीड. दुकान चारला उघडणार.