सुभेदार, एबी फॉर्म आणि जॉर्ज मॅकगव्हर्न

परवा कट्ट्यावर पुन्हा तोच विषय, माजी सैनिकांनी राजकारणात यायला पाहिजे, म्हणजे शिस्त येईल. आम्ही सातारकडचे, घरटी एक फौजेत, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं शिस्तीचं नंतर बघू, तिकीट कोण देणार ते आधी सांगा. कारण आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड सुभेदार आहेत, तीन वर्षं पक्षाचं काम केलं, सतरंज्या उचलल्या, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते सांगणारा कागद, भलत्याच्याच खिशात. पक्षाचं नाव घेत नाही, सगळीकडे तेच चालतं.

तेव्हापासून अमेरिकेचा फौजी-राजकारणी जॉर्ज मॅकगव्हर्न डोक्यात फिरतोय. साऊथ डकोटाचा, बाप पाद्री. दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बरचा पायलट, इटलीतून उडायचा, ३५ मोहिमा केल्या. एकदा एक बॉम्ब विमानातच अडकला, कसाबसा सोडवला तर खाली ऑस्ट्रियातल्या एका शेतघरावर पडला, तेही भर दुपारी, जेवणाच्या वेळेला. ते या माणसाच्या मनातून काही जाईना. चाळीसेक वर्षांनी ऑस्ट्रियाच्या टीव्हीवर तो हे बोलला तेव्हा त्या शेतकऱ्यानेच कळवलं की बाबा, आम्ही बाहेर पळालो होतो, कोणी मेलं नाही.

तर हा माणूस इतिहासात पीएचडी करून, १९५३ ला कॉलेजातली प्राध्यापकी सोडून डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्यातलं ऑफिस सांभाळायला गेला. तिथल्या विधिमंडळात पक्षाचे ११० पैकी २ जण! गाडी काढून गावोगाव फिरला, भेटेल त्याचं नाव कार्डावर लिहून ठेवलं. १९५६ ला खासदार, १९६२ ला सिनेटर, तेही सहाशेच्या आत मतांनी. मधल्या काळात केनेडींनी त्याला 'फूड फॉर पीस' खात्यावर बसवलं होतं, म्हणजे अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य-मदतीच्या कायद्यातून आलेला तो लाल गहू, ज्याच्या चपात्यांना आमची आजी शेवटपर्यंत नावं ठेवायची.

पण माझा मुद्दा १९६८ चा आहे. शिकागोच्या अधिवेशनात पक्षाने तेव्हाचे उपाध्यक्ष हम्फ्रींना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली, ज्यांनी एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्यात होणारं मतदान) लढवली नव्हती. बाहेर पोलीस व्हिएतनामविरोधी पोरांना बडवत होते, सगळं टीव्हीवर. पक्षाची लाज गेली म्हणून एक कमिशन नेमलं आणि अध्यक्ष केलं मॅकगव्हर्नला. त्यांनी उकरून काढलं तर काय, अधिवेशनात उमेदवार निवडणारे एक तृतीयांशाहून जास्त प्रतिनिधी १९६८ साल उजाडायच्या आधीच ठरलेले, कुठे राज्याच्या पुढाऱ्याने परस्पर नेमलेले, कुठे नियमच लेखी नाहीत! मग नियम केले, निवड उघड, त्याच वर्षात, वेळ-जागा आधी जाहीर, बायका, काळे लोक, तरुण यांना जागा. १९६८ च्या अधिवेशनात प्रतिनिधींत बायका होत्या १३ टक्के, १९७२ ला ४० च्या आसपास. फौजीचं धाडस म्हणतात ते मला इथे दिसतं, या कंटाळवाण्या कागदपत्रांत.

आता त्याचे भक्त चिडतील पण बोलतो. १९७२ ला त्याच नियमांवर तो स्वतः राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला आणि शिकागोचा मेयर डेली आणि त्याची माणसं अधिवेशनातून बाहेर काढली गेली. अरे, डेली दादागिरी करणाराच होता, पण बूथवर माणसं आणणारे पण तेच ना. नव्यांना आत घेताना जुन्या कार्यकर्त्याला असं अंगणात उभं करायची गरज नव्हती. त्यात त्याचं मुख्य भाषण पहाटे तीनच्या सुमाराला, कोण बघणार? उपाध्यक्षपदाचा उमेदवार महिन्याच्या आत बदलावा लागला. समोरच्या रिपब्लिकन निक्सनने ५० पैकी ४९ राज्यं घेतली. पक्षाचे दरवाजे मी उघडले आणि दोन कोटी लोक बाहेर निघून गेले, असं तो नंतर स्वतःच म्हणायचा.

आणखी एक. निक्सनची माणसं त्याला लेचापेचा ठरवत होती, आणि याने त्या ३५ मोहिमांचा गाजावाजा फारसा केलाच नाही. आपल्याकडे बॅनरवर नावाच्या आधी हुद्दा आणि मागे तोफ. मला त्याचं गप्प राहणं आवडतं पण रागही येतो, थोडं तरी सांगायचंस ना बाबा.

पुढे १९८२ ला पुढाऱ्यांनी सुपरडेलिगेट, म्हणजे पदामुळेच अधिवेशनात मत मिळणारे नेते, आणून थोडी सत्ता परत घेतली, पण प्रायमरीतून उमेदवार निवडायचं काही बंद झालं नाही.

सुभेदारांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, आपल्या पक्षाच्या घटनेत उमेदवार कोण निवडतं ते लिहिलंय का? मला सांगता आलं नाही. इथे बऱ्याच पक्षांचे पदाधिकारी आहेत लिस्टमध्ये, कोणाकडे घटनेची प्रत असेल तर त्या पानाचा फोटो टाका.