रात्री १२ नंतर डेटा कोण खातो?

गेल्या दोन आठवड्यांत हा मेसेज मला सात ग्रुपांवर आला. भजनी मंडळाच्या, सोयाबीनच्या भावाच्या, अगदी दहावीच्या जुन्या वर्गाच्याही. वर लाल अक्षरांत ‘सावधान’ आणि खाली पाच गोष्टी. एक, रात्री १२ नंतर मोबाईल कंपन्या तुमचा डेटा चोरतात, म्हणून झोपताना फोन फ्लाइट मोडवर टाका. दोन, सगळी ॲप वर सरकवून बंद करत जा. तीन, रोज कॅशे साफ करा. चार, ५जी दुप्पट डेटा खातं, फोन ४जीवर आणा. पाच, खालच्या लिंकवरून डेटा वाचवणारं ॲप घ्या. शेवटी नेहमीचंच, दहा जणांना पाठवा.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं रिचार्ज-झेरॉक्सचं दुकान आहे. ‘दीड जीबी सकाळीच उडाला’ हे गाऱ्हाणं दिवसातून दोन-तीनदा कानावर पडतं. त्यामुळे मेसेज लोकांना का पटतो हे मला कळतं. पटतो म्हणून तो खरा ठरत नाही, एवढंच.

पहिला मुद्दा सगळ्यात चिवट, कारण त्याला आधार आहे असं वाटतं. शेजारचे काकाजी पीक पाहणीचा फोटो चढवायला वावरात गेले, तर ॲपवरचं चाक नुसतं फिरत राहिलं. दुपारी दुकानात येऊन त्यांनी फोन माझ्यासमोर टाकला. “काऊन बे, तुही कंपनी रात्री चोऱ्या करते काय? मी त झोपलो होतो. मंग खाल्लं कोन?”

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना एक काम सांगितलं. फोनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा सिमच्या पानावर ‘डेटा वापर’ असतो. तिथला आकडा झोपताना लिहायचा, उठल्यावर पुन्हा लिहायचा. कृषी केंद्राच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी दोन्ही आकडे मांडून आणले. रात्री साडेदहा ते पहाटे सहा, फरक ४१२ एमबी. म्हणजे दीड जीबीतला चौथा हिस्सा, चहाच्या आधीच.

मग त्याच पानावर खाली ॲपची यादी उघडली. ज्यानं जास्त खाल्लं तो वर. पहिलं नाव व्हॉट्सॲप. त्यावर बोट ठेवलं की दोन आकडे दिसतात, ॲप उघडं असताना किती आणि मागच्या मागे, म्हणजे बॅकग्राउंडला, किती. इथे बॅकग्राउंडचा आकडा फुगलेला होता. कारण असं की व्हॉट्सॲप रात्री दोनच्या सुमारास चॅटचा बॅकअप घेतं. गूगल खात्यावर रोजचा बॅकअप लावलेला असेल, त्यात व्हिडिओ धरलेले असतील आणि ‘मोबाईल डेटावरूनही चालेल’ हे बटण सुरू असेल, तर दिवसभर ग्रुपांवर जमलेले सगळे व्हिडिओ रात्री तुमच्या पॅकमधून वर चढतात. आणि पॅक १२ वाजता नवा लागतो, म्हणजे खर्च उद्याच्या खात्यावर.

ते बटण काकाजींच्या फोनमध्ये कुणी सुरू केलं होतं? मीच. दिवाळीत नवा फोन लावून देताना, घाईत. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते.

बटण बंद केलं. शिवाय व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये जाऊन मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही थांबवलं. दुसऱ्या रात्रीचा फरक निघाला ९ एमबी.

आता कंपनीचं. तुमच्या हातात दोन मीटर असतात. एक कंपनीच्या ॲपमधलं, दुसरं फोनचं स्वतःचं. दुसऱ्याला कंपनी हात लावू शकत नाही. दोन्हींत थोडा फरक पडतो, कारण मोजायची वेळ आणि पद्धत वेगळी. पण फोनचं मीटर रात्री जागेवर उभं आहे आणि कंपनीचं शेकडो एमबी पुढे पळालंय, असं दिसलं तर जरूर तक्रार करा, मीही सोबत येतो. दुकानात आतापर्यंत ज्यांचे ज्यांचे फोन उघडले, त्यांचा खाणारा यादीतच सापडला.

आणि फ्लाइट मोड? आपल्याकडे शेतीच्या विजेची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. लाइन आल्याचा मोटरीच्या मोबाईल स्टार्टरचा फोन आला नाही तर हरभऱ्याचं पाणी राहून जाईल. फारच शंका असेल तर झोपताना फक्त मोबाईल डेटा बंद करा, कॉल येत राहतील.

दुसरा मुद्दा लवकर संपतो. सगळी ॲप वर सरकवून बंद करा आणि कुणाला तरी व्हॉट्सॲप करायला सांगा. मेसेज येतोच ना? म्हणजे सरकवल्यानं सगळं थांबत नाही. एखादं ॲप मागच्या मागे खात असेल तर त्याच डेटा वापराच्या यादीत त्याचा बॅकग्राउंड डेटा बंद करण्याचं बटण आहे. सगळ्यांना एकदम लगाम घालायचा तर अँड्रॉइडमध्ये ‘डेटा सेव्हर’ २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीपासून आहे. तो फुकट आहे आणि फोनच्या आतच आहे.

तिसरा सल्ला तर उलटा आहे. कॅशे म्हणजे एकदा आणलेला माल घरात ठेवणं. ॲपची चित्रं, पानांचे तुकडे, वारंवार लागणारं सामान त्यात असतं. ते रोज साफ करणं म्हणजे कोठीतली तूर रोज उकिरड्यावर टाकून पावशेर डाळ बाजारातून आणणं. फोनमध्ये जागा उरली नसेल किंवा ॲप अडकत असेल तेव्हा कॅशे जरूर साफ करा. डेटा वाचवायला नको.

५जीबद्दल. दहा एमबीची फाईल ४जीवरही दहा एमबीच, ५जीवरही दहाच. पाइप मोठा झाला म्हणून बादलीत जास्त पाणी मावत नाही. मेसेजमध्ये खरं असलं तर एवढंच की यूट्यूब ‘ऑटो’वर असेल तर वेग चांगला मिळाल्यावर ते जास्त स्पष्ट चित्र निवडतं, आणि तिथे डेटा वाढतो. ढोबळ हिशेब सांगतो, ‘पी’चा आकडा जितका मोठा तितकं चित्र स्पष्ट. तासभर व्हिडिओ १४४पी वर शंभर एमबीच्या आतबाहेर, ४८०पी वर अर्धा जीबी, १०८०पी वर दीड-दोन जीबी. सहा इंची काचेवर कीर्तन बघताना ४८०पी पुरतं. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ क्वालिटीत जाऊन मोबाईल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडा, एकदाच. फेसबुकमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करा. खरं सांगायचं तर दुकानात येणाऱ्या बहुतेक फोनांचं दुखणं या दोन जागांवर असतं, पण ‘तुमचे रील कमी करा’ असा मेसेज कोण पुढे पाठवणार?

वर आणखी एक गंमत. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलच्या रोज २ जीबी आणि त्यावरच्या बऱ्याच प्लॅनवर ५जीचा वापर रोजच्या कोट्यात धरला जात नाही. असा प्लॅन असलेला माणूस दारव्ह्याला ५जी टॉवरखाली बसून मेसेज वाचून फोन ४जीवर आणतो, आणि जे फुकट होतं ते कोट्यातून जायला लागतं. आधी आपला प्लॅन वाचा.

राहिला पाचवा, आणि माझ्या मते मेसेज लिहिलाच गेला तो याच्यासाठी. आधीचे चार मुद्दे म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. पूर्वी ब्राउझरचा डेटा वाटेत दाबून लहान करता यायचा. आता जवळपास सगळ्या वेबसाइट डेटा कुलूपबंद पाठवतात, आणि बंद लखोट्यातलं पत्र वाटेत कुणाला आखूड करता येत नाही. खुद्द गूगलनं क्रोममधला डेटा वाचवणारा लाइट मोड २०२२ मध्ये बंद केला. जे गूगलनं सोडलं ते लिंकवरचं कुणीतरी फुकटात करणार? फेसबुकच्या मालकीचं ओनावो नावाचं ॲपही ‘तुमचं संरक्षण करतो’ म्हणत लोक कुठली ॲप किती वापरतात ते गोळा करत होतं. ॲपलनं आक्षेप घेतल्यावर २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून निघालं, पुढच्या वर्षी प्ले स्टोअरवरूनही. ती तर नावागावाची कंपनी होती.

ज्यांनी लिंक दाबून ॲप घेतलंच आहे त्यांनी ते आजच काढा. निघत नसेल तर सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या पानावर ‘डिव्हाइस ॲडमिन’ची, म्हणजे फोनवर जादा अधिकार मिळालेल्या ॲपची, यादी असते, तिथे त्याचं नाव असलं तर आधी ती परवानगी काढा. ‘ॲक्सेसिबिलिटी’तही बघा, कारण ती परवानगी मिळालेलं ॲप तुमच्या पडद्यावरचं वाचू शकतं, बँकेचा ओटीपीसुद्धा. नाही जमलं तर फोन घेऊन दुकानात या. रविवारी बंद असतं.