सायरसने गुलामगिरी बंद केली नव्हती

एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे: ‘इ.स.पू. 539 मध्ये इराणचा सम्राट सायरस याने रक्ताचा थेंबही न सांडता बाबिलोन जिंकले, गुलाम मुक्त केले, सर्वांना धर्मस्वातंत्र्य दिले. त्याचा दंडगोल म्हणजे जगातला पहिला मानवाधिकारांचा जाहीरनामा.’ दंडगोल म्हणजे बाबिलोन जिंकल्यावर सायरसच्या नावाने कोरलेला मातीचा लेख. सायरसबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा मजकूर खोडून काढणे भाग आहे.

आजच्या इराकमधले बाबिलोन शहर लढाईविना पडले, हे खरे. पण त्याआधी त्याच महिन्यात टायग्रिस नदीकाठी ओपिस या नगरात काय घडले? बाबिलोनच्याच लेखनिकांनी ठेवलेल्या बखरीत लढाई, लूट आणि कत्तल यांची नोंद आहे. मेले ते सैनिक की साधी माणसे, यावर अभ्यासकांत वाद आहे. कत्तल झाली यावर नाही. मग सिप्पार हे शहर न लढता पडले, बाबिलोनचा राजा नबोनिडस पळाला आणि दोनच दिवसांत सायरसचा सेनानी उग्बारू बाबिलोनमध्ये शिरला. ओपिसची धास्ती नसती तर वेशी इतक्या सहज उघडल्या असत्या, असे मला वाटत नाही.

गुलामांची मुक्ती दंडगोलात कुठेच नाही. बाबिलोनच्या रहिवाशांवरचे अनुचित जू उतरवले, एवढेच त्यात आहे. सायरसच्या राज्यवर्षांची तारीख घातलेल्या गुलामविक्रीच्या मातीच्या पाट्या मात्र सापडल्या आहेत. त्याच्या नावावर फिरणारी ‘किमान वेतना’ची वाक्ये तर सरळ बनावट भाषांतरातली. त्यात इराण्यांचा देव अहुर मझ्दा याचे नावही घुसवले आहे. मूळ लेखात सायरसची निवड करतो तो बाबिलोनचा देव मार्दुक!

धर्मस्वातंत्र्याचे काय? नबोनिडसने राजधानीत आणलेल्या देवमूर्ती सायरसने आपापल्या देवळांत परत पाठवल्या. जेरुसलेमचे नाव दंडगोलात नाही. बाबिलोनमध्ये नेलेल्या ज्यूंना तिथे परतण्याची परवानगी बायबलमधल्या एज्रा ग्रंथातून कळते. देवळे सावरणे, देवाने मला निवडले असे सांगणे, ही मेसोपोटेमियाच्या, म्हणजे बाबिलोन ज्यात होते त्या प्राचीन प्रदेशाच्या, राजांची जुनी रीत होती. 1879 मध्ये होर्मुझ्द रस्सामच्या उत्खननात मिळालेला हा जेमतेम वीतभर लांबीचा दंडगोल याच रीतीतला आहे. ‘मानवाधिकार’ हे बिरूद त्याला विसाव्या शतकात चिकटले; 1971 मध्ये इराणच्या शहाने राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा सोहळा केला, तेव्हा त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली गेली.

2013 च्या डिसेंबरात हा दंडगोल मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. तो पाहून आलेल्यांनीही हाच मजकूर पुढे पाठवावा, याचे वाईट वाटते. कारण खरी हकिकतच केवढी मोठी आहे! इ.स.पू. 689 मध्ये असिरियाचा राजा सेन्नाखेरिब याने हेच बाबिलोन उद्ध्वस्त केले, देवळे पाडली. दीडशे वर्षांनी सायरसचे ढालकरी मार्दुकाच्या एसागिला देवळाच्या दारांवर उभे राहिले, आणि बखरीत नोंद झाली की एकाही विधीत खंड पडला नाही.