मटारातली अळी

दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरांकडे माझा नंबर सहावा, आणि चौथा आत जाऊन अर्धा तास झालेला. भिंतीवर टीव्ही, त्यावर रात्रीच्या मालिकेचं दुपारचं पुनःप्रक्षेपण, रिमोट रिसेप्शनिस्टच्या ड्रॉवरमध्ये. झाली प्रस्तावना.

शेजारी एक काकू मटार सोलत बसल्या होत्या. हो, दवाखान्यात. मांडीवर वर्तमानपत्र, एका पिशवीत शेंगा, दुसरीत दाणे. डोळे टीव्हीवर, पण अंगठा असा तयार की किडका दाणा न बघता बाजूला पडायचा.

पडद्यावर घरातून हाकललेली सून नुसता चष्मा लावून स्वतःच्याच सासरी स्वयंपाकाला आली होती. अकरा माणसांचं कुटुंब, पण कोणी ओळखेना. नवराही नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, चेहरा तर तोच आहे!"

"तोच कुठला? आधी दुसरी होती. ही दिवाळीपासून आलीय."

"म्हणजे, अपघात वगैरे?"

"छे! पहिलीनं मालिका सोडली."

"मग तेव्हा घरच्यांना वेगळी नाही वाटली?"

"का वाटेल? सूनच ना ती त्यांची?"

म्हणजे अख्खं तोंड बदललं तेव्हा सगळ्यांनी ओळखली, आणि चष्मा लावला तर कोणीच नाही. मी हे बोलून दाखवलं. काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या मिसेसना चष्मा आहे?"

मी गप्प. (आहे. घरी गेल्यावर बघितला. तपकिरी फ्रेम.)

"बघा," म्हणत त्यांनी पुढची शेंग फोडली.

त्यानंतर ठणका दाढेत होता की डोक्यात, सांगता येणार नाही. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता उरतात 22 मिनिटं. त्यात कालचं थोडं, उद्याचं थोडं, आणि मधे कोणी "मी हे लग्न मोडतेय" म्हणालं की अकराही चेहऱ्यांवर एकेकदा कॅमेरा आणि ढोल. जेवायला सगळे टेबलाच्या एकाच बाजूला, समोर कॅमेरा बसलेला असतो ना! ऑफिसला कोणी जात नाही. आमच्याकडे मिक्सर चालू असला तर शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. यांना दाराआडून अख्खा कट ऐकू येतो. आणि एवढ्या मोठ्या वाड्यात संध्याकाळी एकही माणूस मालिका बघत नाही. कट रचायला वेळ कुठून मिळतो, ते इथे कळतं.

लेखकांची दया येते म्हणावं, तर तीही पूर्ण येत नाही. दर गुरुवारी टीआरपी येतो, आणि बुधवारपर्यंत खलनायिका असलेली बाई शुक्रवारी तुळशीला पाणी घालते. मान्य, दबाव असतो. दूरदर्शनवर 13 भागांच्या मालिका यायच्या. त्यातल्याही काही रटाळच होत्या, पण निदान संपायच्या. आता 13 भागांत मंगळसूत्र फक्त तुटून जमिनीपर्यंत पोचतं. बघणाऱ्याला काहीही चालतं, असं त्यांनी गृहीत धरलंय. मला राग त्याचा येतो.

"पाच नंबर!"

काकू उठल्या आणि दोन्ही पिशव्या माझ्या मांडीवर ठेवल्या. "जरा बघून ठेवा. खिरीत तिनं काहीतरी घातलंय, कोण खातं ते मला सांगा. आणि हात रिकामे आहेत तर एवढ्या शेंगा होतायत का बघा."

एका हाताने गाल धरून मी मटार सोलले. खीर तीन वेळा ओठांपर्यंत गेली, तीन वेळा फोन वाजला.

काकू बाहेर आल्या तेव्हा तोंडात कापूस होता. त्यांनी भुवया उडवून विचारलं.

"ब्रेक लागला," मी म्हटलं. "कोणीच खाल्ली नाही."

त्यांनी समाधानानं मान हलवली. मग दाण्यांच्या पिशवीत हात घातला, चाचपलं, आणि मी सोललेल्यांतला एक दाणा वर काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्यात अळी होती.